मदत हवी आहे: एकटीला नेता येईल असा बाहुल्यांच्या खेळाचा हलका स्टेज घरी कसा बनवू?

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यात राहते आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या शाळांत, अंगणवाड्यांत हातात घालायच्या बाहुल्यांचे छोटे खेळ करते. बाहुल्या घरीच केलेल्या, मोजे, कागदाचा लगदा आणि जुन्या साड्यांचे काठ. आत्तापर्यंत दोन खिडक्यांच्या गजांना दोरी बांधून चादर टाकायची आणि मागे बसायचं असं चाललंय, पण प्रत्येक शाळेत खिडक्या सोयीच्या जागी नसतात आणि पडवीत तर दोरी बांधायला काहीच मिळत नाही. म्हणून आता उचलून नेता येईल असा स्वतःचा स्टेज करायचाय.

अटी सांगते म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. स्कूटीवरून आणि कधीकधी एसटीने जाते, सोबत कुणी नसतं. त्यामुळे सगळं मिळून ५ किलोच्या आत बसायला हवं, सगळ्यात लांब तुकडा साडेतीन फुटांपेक्षा मोठा नको (पिशवी खांद्याला तिरकी लावून गाडी चालवते) आणि दहा-पंधरा मिनिटांत एकटीला उभा करता यायला हवा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, जमिनीत खुंटी मारायची नाही. बजेट २००० च्या आत.

आमच्याकडे पिंगुळी जवळच आहे, ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) तिथलीच, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यामुळे जो तो मला म्हणतो की तिथला स्टेज बघ आणि तसाच कर. बघितलाय, आणि ती कला मला जीवापाड आवडते, पण कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी चालते, चालवणारा मागे उभा असतो आणि पडदा त्याला झाकायला लागतो. राजस्थानी कठपुतळीवाले दोन खाटा उभ्या करून काम भागवतात तेही त्याच कारणाने, बाहुली खाली जमिनीवर आणि माणूस वर. माझी बाहुली खालून वर येते. म्हणजे मला पडदा माझ्यासमोर कमरेपासून डोक्यापर्यंत हवा आणि बाहुली त्याच्या वर दिसायला हवी, सगळा हिशोबच उलटा.

मी असं ठरवलंय. घरातल्या वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप वापरायचा, तो ३ मीटरच्या नळीत मिळतो आणि प्लंबिंगच्या पाइपपेक्षा हातात बराच हलका लागतो. समोरची बाजू ४ फूट, दोन्हीकडे २-२ फुटांचे पंख मागे वळलेले, उभे दांडे चार, प्रत्येकी साडेतीन फूट. वरती आणखी २ फुटांची चौकट, तिच्यावर मागचं चित्र टांगायचं. ४ फुटांचे आडवे दांडे मधे तोडून कपलरने जोडायचे म्हणजे पिशवीत जातील. असं धरलं तर पाच नळ्या पुरतात आणि सांगाडा दोन किलोच्या आसपास येतो असा माझा अंदाज आहे. उरलेलं वजन कापड, फळी (पडद्याच्या वरच्या कडेची, जिच्यावर बाहुल्या खेळतात) आणि बाहुल्यांचं.

आता अडचण. तीन दिशांना तोंड असलेला कोपऱ्याचा जॉइंट इथल्या एकाही दुकानात नाही. म्हणून उभ्या दांड्यावर दोन टी (इंग्रजी T सारखे जॉइंट) एकावर एक बसवायच्या, एकीतून समोरचा आडवा आणि दुसरीतून पंखाचा. टी चिकटवली नाही तर ती दांड्याभोवती फिरते आणि पंख दाराच्या झडपेसारखे हवे तेवढे उघडता येतात, घडी पण छान पडते. पण त्याच कारणाने पूर्ण सांगाडा डुलतो. शेजाऱ्यांकडे उरलेल्या पाइपवर एक बाजू लावून बघितली, वरच्या टोकाला बोट लावलं तरी सगळं तिरपं होतं. सोल्युशन लावून चिकटवलं तर डुलणं थांबेल पण मग घडी गेली. प्लंबिंगच्या पाऊण इंची टी मजबूत असतात पण त्यात हा पाइप ढिला बसतो, तो पाइप २५ मिमी आणि त्या टी साडेसव्वीसच्या वरच्या पाइपसाठी, टेप गुंडाळून भागेल का? की टी आणि पाइपला आरपार भोक पाडून विंग नटचा (पान्याशिवाय हाताने फिरवायच्या नटचा) बोल्ट टाकू? पाचपन्नास वेळा खोलून-लावून भोकं मोठी होतील अशी भीती वाटते.

दुसरा विचार, सांगाडा सैलच ठेवायचा आणि मागून नायलॉनच्या दोरीची फुली ताणायची, वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या आणि उलट. समोरच्या बाजूला ती पडद्याच्या मागे लपेल, पण मी तिथेच बसणार, गुडघ्याला दोरी लागणार. पंखांना फुली घातली आणि समोर नुसता ताणलेला पडदा ठेवला तर चालतं का? कुणी तंबू किंवा प्रदर्शनाचे स्टॉल उभे करणारं असेल तर त्यांनी प्लीज लिहा. पायाला वजन म्हणून लिटरच्या पाण्याच्या बाटल्या शाळेतच भरून घेईन, ते वजन वाहायला लागत नाही.

उंचीबद्दल पण बोलायचंय कारण माझ्या मते स्टेजचा खरा जीव तिथेच आहे. उभं राहून करायचा स्टेज मला नकोच. फळी डोक्याच्या वर जाते, हात सतत वर, पाऊण तासात खांदे भरून येतात आणि हात खाली आला की बाहुली बुडाल्यासारखी दिसते, मुलं लगेच ओरडतात. शिवाय पहिल्या रांगेतली पोरं मान वर करून बघतात. मी ८ इंची चौरंगावर बसते, तिथून माझं डोकं जमिनीपासून सव्वातीन फुटांवर येतं, म्हणून फळी साडेतीन फुटांवर. जमिनीवर बसलेल्या मुलांना हे बरोबर पडतं.

काहींनी सुचवलंय की समोर काळी जाळी लाव आणि तिच्यामागून चेहऱ्यासमोरच बाहुली चालव, हात वर करायलाच नको. हॉलमध्ये ठीक, पण जाळी तेव्हाच लपवते जेव्हा मुलांच्या बाजूला उजेड आणि माझ्या बाजूला काळोख असतो. पडवीत दुपारी माझ्या पाठीमागून ऊन येतं, मी पूर्ण दिसणार. त्यासाठीच कापड दुहेरी करायचा विचार आहे, बाहेरून मरून पॉपलिन आणि आतून काळं. नुसतं अस्तराचं कापड उन्हात धरून बघितलं तर पलीकडची बोटं मोजता येतात. वेलवेट वजनामुळे बाद.

फळीचं एक राहिलं. माझ्या खेळात म्हातारीचा भोपळा आहे, लगद्याचा, चार इंचांचा, आणि तो ‘टुणुक टुणुक’ करत फळीच्या या टोकापासून त्या टोकाला जायला हवा, मुलं त्याचीच वाट बघत असतात. म्हणून ५ इंच रुंदीची फळी हवी. सनबोर्ड (फोमचा पांढरा बोर्ड) हलका आहे पण ४ फुटांत मधे झोळ पडतो, आणि दोन तुकडे केले तर जोडावर भोपळा अडकतो. खाली पाइप आहेच, त्याला वेल्क्रोच्या पट्ट्यांनी फळी बांधली तर झोळ जाईल, पण जोड सपाट कसा ठेवू? वरून एकसंध रेक्झिनची पट्टी अंथरली तर?

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून लिहिते. बाहुल्या ठेवायच्या कशा, तर आतल्या बाजूला आडव्या दांड्याला हुक लावून बाहुल्या उलट्या टांगायच्या, डोकं खाली आणि झग्याची कड वर, म्हणजे हात सरळ आत शिरतो आणि एका हाताने बाहुली बदलता येते. हे करून बघाच, फार सोयीचं आहे. बांबूचं सुचवणाऱ्यांचे आभार, बांबू इथे फुकट मिळतो आणि मला मनापासून आवडला असता, पण जाडी सारखी नसते, जॉइंट बसत नाहीत आणि दरवेळी सुंभाने बांधण्यात वेळ जातो. अ‍ॅल्युमिनियम बजेटच्या बाहेर. मागच्या चित्रांसाठी पडदा बदलण्याऐवजी चित्रकथीसारखी एकामागे एक चित्रं लावून उलटायची कल्पना आलीय, त्यावर वेगळं लिहीन. लाइटची गरज नाही, खेळ दिवसाच असतात.

पाइप विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी तरी कळायला हव्यात, टी चिकटवायची की बोल्ट की दोरीची फुली, आणि दोन तुकड्यांची फळी सपाट कशी करायची. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जॉइंटचा जवळून काढलेला फोटो टाकला तर फार मदत होईल.