39अ खाली भातशेतीचा झोन बदलतायत, हरकतीत काय लिहू?

मदत हवी आहे, जरा घाईत. गोव्यात आमच्या गावात खाजनाला (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन) लागून एक भातशेतीचा सर्व्हे नंबर आहे, रिजनल प्लॅन 2021 मध्ये तो इको-1 (बांधकामापासून राखलेला झोन) आहे, आता टीसीपी (नगर व ग्राम नियोजन) कायद्याच्या 39अ या झोन बदलायच्या कलमाखाली तो सेटलमेंट (घरबांधणीचा झोन) करायची नोटीस निघालीय, हरकतीला 30 दिवस आणि त्यातले 11 गेले. पावसाचं पाणी तिथूनच मानशीकडे (बांधातलं पाण्याचं दार) जातं, भराव पडला तर आमची वरची शेतं बुडणारच. घरांना विरोध नाही, वाड्याजवळ जागा आहे की! एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारासारखा), झोनिंग सर्टिफिकेट काढलंय, ग्रामसभेचा ठरावही झालाय. जमीन आमची नाही, आम्ही शेजारचे. उताऱ्यावर कुळाचं नाव आहे, मग 1991 चा लँड युज कायदा (कुळांना मिळालेली शेतजमीन शेतीसाठीच ठेवणारा) इथे लागतो का आणि शेजारच्याने तो मुद्दा हरकतीत मांडला तर चालतो का?