घडीची इलेक्ट्रिक सायकल रोजच्या प्रवासाला सोयीची ठरेल का?

प्रेषक: सिडनहॅमची एक सभासद
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कोणी घडीची इलेक्ट्रिक सायकल रोज वापरत असल्यास त्यांचा अनुभव समजावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे घर वेस्टवुड हिलच्या माथ्याजवळ, स्टेशन खाली सिडनहॅमला आणि काम ओल्ड केंट रोडजवळच्या एका दवाखान्यात आहे. त्या रस्त्यावर ट्यूबचे (लंडनच्या भुयारी रेल्वेचे) स्टेशन नाही, त्यामुळे लंडन ब्रिजला उतरून पुढचे अडीच किलोमीटर बसने किंवा पायी जावे लागते. सकाळी स्टेशनपर्यंत उतारच असतो. पण दिवसभराची पाळी उरकून संध्याकाळी तोच रस्ता चढताना पाय अक्षरशः भरून येतात.

माझ्या शंका चार आहेत. ही सायकल एकट्या बाईला उचलता येते का? रेल्वेगाडीत इलेक्ट्रिक सायकली नेण्यास बंदी आल्याचे ऐकले, ती घडीच्या सायकलीलाही लागू आहे का? आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि घरात लहान मूल आहे, तर बॅटरी घरात चार्ज करणे कितपत सुरक्षित आहे? आणि शेवटची शंका अशी की, हिवाळ्यात पुण्याला जाताना हीच सायकल वडिलांसाठी सोबत नेता येईल का?

आपली नम्र,
सिडनहॅमहून

---

प्रेषक: बेकनहॅमचा एक सभासद

ताई, नमस्कार.

गेली पाच वर्षे मी अशी सायकल वापरत आहे. माझे वय आता ६३ आहे, म्हणून उचलण्याच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. बाकीच्या गोष्टी दुकानदारही सांगेल, पण ही सांगेलच असे नाही.

दुकानात आपल्याला सायकलीची घडी किती लहान होते ते दाखवतात. घडी लहान होणे महत्त्वाचे आहेच, कारण त्यावरच ती गाडीत दाराशेजारी किंवा टेबलाखाली मावणार की नाही हे ठरते. परंतु सायकल खरोखर सोबत नेण्याजोगी आहे का, हे आपल्याला ती दिवसातून किती वेळा आणि किती पायऱ्या उचलावी लागते यावरून कळते. यासाठी दुकानात जाण्याआधी एक दिवस आपल्या वाटेवरच्या सर्व पायऱ्या मोजाव्यात: घराचा जिना, स्टेशनातला पूल, दवाखान्याची दारे. लिफ्ट असेल तिथे ती बंद पडल्यास काय करावे लागेल, हेही पाहून ठेवावे. मी एकदा कॉव्हेंट गार्डन या ट्यूब स्टेशनवर लिफ्टची गर्दी टाळण्यासाठी जिन्याने निघालो. तिथे १९३ पायऱ्या आहेत. मध्यावर मला बसावे लागले, आणि त्या दिवसापासून सायकल हाती असताना मी ते स्टेशन टाळतो.

आता वजनाचे आकडे. १६ इंची चाकांची ब्रॉम्प्टन कंपनीची इलेक्ट्रिक सायकल बॅटरीसह साधारण १७ किलो भरते; त्यातली सुमारे तीन किलोची बॅटरी पुढच्या पिशवीत असते आणि ती एका झटक्यात सुटते. हे सुटणे फार मोलाचे आहे, कारण पिशवी खांद्याला लावली की हातात १४ किलोच राहतात आणि भार शरीराच्या दोन्ही बाजूंना वाटला जातो. २० इंची चाकांची, पेडलजवळ मोटर असलेली टर्न कंपनीची व्हेक्ट्रॉन २२ किलोंच्या आसपास जाते. ती रस्त्यावर जास्त स्थिर चालते आणि खड्ड्यांचे धक्केही कमी देते, पण दुसऱ्या मजल्यावर रोज नेण्याची ती वस्तू नव्हे. जाहिरातीतला आकडा वाचताना तो बॅटरीसह आहे की बॅटरीशिवाय, हे अवश्य विचारावे. पुष्कळदा तो बॅटरी वगळून लिहिलेला असतो.

मोठी बॅटरी घेण्याचा मोह होतो, म्हणून आपल्यासाठी थोडा हिशेब करून पाहिला. आपण, सायकल आणि पिशवी मिळून ८५ किलो धरले आणि स्टेशनपासून घरापर्यंतची चढण साठ-सत्तर मीटर उंचीची मानली, तर तेवढे वजन वर चढवायला सुमारे १५ वॉट-तास (बॅटरीतली ऊर्जा याच एककात मोजतात) ऊर्जा लागते. मोटरमधली गळती धरली तरी २० ते २५. बाकीच्या सपाट रस्त्याला किलोमीटरमागे आठ वॉट-तास धरले, तरी आपला दिवस १०० वॉट-तासांच्या आत संपतो. ३०० वॉट-तासांची बॅटरी आपल्याला तीन दिवस पुरेल, आणि एकदा पूर्ण चार्ज करायला दहा पेन्सच्या आसपास वीज लागेल. याहून मोठी बॅटरी घेतली तर जास्तीचा किलोभर भार आपण रोज जिन्यावरून विनाकारण वाहाल. थंडीत मात्र बॅटरीचा पल्ला घटतो, हे लक्षात असू द्यावे.

मोटर कोणत्या चाकात आहे, तेही पाहावे. माझ्या पहिल्या सायकलीला ती पुढच्या चाकात होती. सपाट रस्त्यावर काही तक्रार नव्हती, पण तीव्र चढावर शरीराचा भार मागे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि ओल्या पानांवर ते जागच्या जागी फिरू लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेस्टवुड हिलवर पानांचा खच पडतो, म्हणून आपल्याला मी मागच्या चाकातली किंवा पेडलजवळची मोटर आधी चालवून पाहण्यास सांगेन. मोटरच्या चाकाचे पंक्चर काढणेही साध्या चाकापेक्षा किचकट असते: वायर सोडवावी लागते, आसाचे नट घट्ट असतात, आणि जवळ योग्य मापाचा पान्हा नसेल तर आपण रस्त्यातच अडकतो. जाड, पंक्चरला दाद न देणारे टायर पहिल्याच दिवशी बसवून घ्यावेत.

जिथे सायकल दुमडते, त्या बिजागरीपाशी वायरी रोज वाकतात. दोन वर्षांनी माझी मोटरची वायर नेमकी तिथेच तुटली आणि दुकानाने सुटा भाग मागवण्यात सात आठवडे घालवले. तेव्हापासून दर महिन्याला मी तो भाग बोटांनी चाचपून पाहतो. सायकल घेताना सुटे भाग या देशात मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारावे.

गाडीतल्या बंदीविषयी: ३१ मार्च २०२५ पासून लंडनची सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने ट्यूब, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर या आपल्या रेल्वेसेवांवर बिनघडीच्या इलेक्ट्रिक सायकलींना मनाई केली आहे. घडीच्या सायकलींना सूट आहे. देशभरच्या नॅशनल रेलच्या गाड्यांत २० इंचांपर्यंत चाकांची घडीची सायकल गर्दीच्या वेळीही नेता येते, मात्र ती पूर्ण दुमडलेली हवी. फलाटावर जाण्याआधीच घडी घालावी. गाडी आल्यावर घाई केली की बोट चिमटते.

आपण दवाखान्यात काम करता म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. ब्रॉम्प्टनच्या घडीत साखळी दोन चाकांच्या मधे जाते आणि वंगणाचे डाग कपड्यांना लागत नाहीत. १९७० च्या दशकात अँड्र्यू रिची यांनी साउथ केन्सिंग्टनमधल्या आपल्या घरात ती घडी आखली, आणि मला आजही तिच्याइतकी विचारपूर्वक केलेली घडी दुसरी दिसलेली नाही.

आपला,
बेकनहॅमहून

---

प्रेषक: क्रॉयडनचा एक सभासद

ताई आणि काका, नमस्कार.

माझा व्यवसाय बॅटऱ्यांच्या चाचणीचा आहे, म्हणून सुरक्षिततेच्या आणि पुण्याच्या प्रश्नाबद्दल लिहितो. घरात लहान मूल असताना ताईंना हा प्रश्न पडणे अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोणी हातचे राखून देऊ नये.

लिथियमच्या बॅटरीतला एक सेल आतून बिघडून तापू लागला की त्याच्या उष्णतेने शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या पुढचा, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की घरातल्या साधनांनी ती थांबवता येत नाही; काही मिनिटांत खोली विषारी धुराने भरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेनर्स लेन स्टेशनवर एका इलेक्ट्रिक सायकलीने पेट घेतला आणि त्यानंतर साधारण महिन्याभराने वरची बंदी आली. साध्या सायकलीला बाहेरून मोटर आणि स्वस्त बॅटरी जोडून घेण्याचे प्रकार धोक्याचे असतात, कारण त्यांत सेल, चार्जर आणि नियंत्रक यांचा मेळ कोणी तपासलेला नसतो. घडीच्या सायकलीत असे फेरफार होण्याची शक्यता कमी, या विचारानेच तिला सूट मिळाली आहे. तेव्हा कितीही स्वस्त पडले तरी जोडणीचा संच घेऊ नये. ईएन १५१९४ या इलेक्ट्रिक सायकलींच्या युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेली पूर्ण सायकल घ्यावी आणि तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरावा.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी घराच्या दाराशी किंवा जिन्यात कधीही चार्ज करू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते. लंडन फायर ब्रिगेडही हेच बजावते. आपण सर्व जागे असताना, धुराची सूचना देणारा अलार्म असलेल्या खोलीत, कठीण पृष्ठभागावर ठेवून चार्ज करावी आणि पूर्ण भरली की काढून घ्यावी; रात्री लावून झोपू नये. थंडीतून आणलेली बॅटरी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलच्या आत धातूचा थर साचतो आणि तो पुढे बिघाडाचे कारण होतो. बॅटरी पडली, फुगली किंवा वेगळाच वास येऊ लागला, तर ती घरात ठेवूच नये. हिशेबाप्रमाणे आपल्याला तिसऱ्या दिवशी चार्ज करावे लागेल, म्हणजे ही शिस्त पाळणे जड जाणार नाही.

पुण्याबद्दल उत्तर स्पष्ट आहे. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या सामानात चालते, १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने, आणि त्याहून मोठी कोणत्याही सामानात चालत नाही. आपली बॅटरी ३०० ची असणार, त्यामुळे ती नेता येणार नाही; बॅटरीविना सायकल नेऊन तिथे तिच्याशी जुळणारी बॅटरी शोधत बसणे मी सुचवणार नाही. भारतातही २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या इलेक्ट्रिक सायकलीला नोंदणी लागत नाही. वडिलांसाठी तिथेच घ्यावी, म्हणजे दुरुस्तीचीही सोय जवळ राहील.

आपला,
क्रॉयडनहून

---

प्रेषक: ब्रॉमलीची एक सभासद

ताई, मी माझी इलेक्ट्रिक सायकल वर्षभरात विकली, म्हणून दुसरी बाजूही मांडते. मला सायकल चालवण्याचे सुख मिळत होते, पण स्टेशनच्या पुलावरून रोज दोनदा ती वाहताना माझा डावा खांदा दुखावला. आता माझ्याकडे मोटर नसलेली, साधारण ११ किलोंची घडीची सायकल आहे. चढावर मी उतरून चालते, त्याला आठ मिनिटे लागतात, आणि जिन्यावर मात्र मी सुखी असते. आपला चढ मोठा असल्याने हे आपल्याला पटेलच असे नाही, तरी निर्णय घेण्याआधी दोन्ही प्रकारची सायकल हातात घेऊन पाहावी.

आपली,
ब्रॉमलीहून

---

प्रेषक: सिडनहॅमची एक सभासद

काका, दादा, वहिनी, सर्वांचे मनःपूर्वक आभार.

सांगितल्याप्रमाणे काल पायऱ्या मोजल्या. घराचा जिना ३४ पायऱ्यांचा आहे, दवाखान्यात ६ आहेत आणि लंडन ब्रिजला लिफ्ट आहेत. शनिवारी दुकानात दोन्ही सायकली घेऊन त्यांच्या तळघराच्या जिन्याने तीनदा वर-खाली केले. २२ किलोंची मला पहिल्याच खेपेत झेपली नाही. १६ इंची चाकांची, मागच्या चाकात मोटर असलेली सायकल मात्र बॅटरीची पिशवी खांद्याला लावून तिसऱ्या खेपेलाही नेता आली. वहिनींच्या खांद्याची गोष्ट लक्षात ठेवून मी दवाखान्यात तळमजल्यावरच सायकल ठेवण्याची परवानगी मागितली होती; ती आज मिळाली, म्हणजे आता ती फक्त घरच्या जिन्यावरच उचलावी लागेल. पैसे पगारातून सायकल टू वर्क योजनेखाली कापून घेणार आहे. चार्जिंगची जागा स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्याच्या कोपऱ्यात ठरवली असून तिथल्या अलार्मची बॅटरी आजच बदलली. वडिलांना पुण्यातच सायकल घेण्याविषयी फोन केला. त्यांनी आधी गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारतो असे सांगितले आहे.

सायकल पुढच्या गुरुवारी हाती येईल. काका, आपल्याला वेळ असल्यास त्या शनिवारी सकाळी सिडनहॅम स्टेशनबाहेर घडी घालण्याची रीत एकदा माझ्याकडून करवून घ्याल का? घरी चहाला यावे, काकूंनाही आणावे.

आपली नम्र,
सिडनहॅमहून