"वाचायला शिकवणं आमचं काम नाही" म्हणणाऱ्या मराठीच्या सरांना

खडूचा_तुकडा
परवा इथेच एका सरांनी लिहिलं, "नववीच्या पोराला वाचता येत नसेल तर ते प्राथमिकचं पाप. बी.एड.ला मराठीची अध्यापन पद्धती घेणाऱ्याने कविता आणि रसग्रहण पक्कं करावं, बाराखडी नव्हे." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझ्या नववी 'क'मध्ये एक मुलगा होता. प्रकट वाचनाची पाळी बाकांच्या क्रमाने यायची. हा पुढची डोकी मोजायचा, आपल्या वाट्याचा परिच्छेद हेरायचा आणि तेवढा शेजाऱ्याकडून ऐकून पाठ करायचा. एकदा मध्येच एक परिच्छेद मी वाचला आणि क्रम सरकला. पठ्ठ्याने बोट ठेवलं नव्या परिच्छेदावर आणि म्हणून दाखवला जुना! घडाघडा, स्वल्पविरामासकट. वर्ग खो खो हसला. मी मात्र गार. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापनाचे छोटे पाठ झाले, आवाज-हालचाल बदलत लक्ष टिकवायचा उद्दीपक बदल झाला, पाठाच्या पाच पायऱ्यांची हर्बार्टची पंचपदी झाली. जोडाक्षरावर अडणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची लाज न काढता वाचायला कसं शिकवायचं, यावर एक तास झाला नाही.

रसिक_मास्तर
ते सर मीच. 'पाप' शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. वर्गात 55 मुलं, तासिका 35 मिनिटांची. मी 'क्ष' फोडत बसलो तर बाकीच्यांनी काय माश्या मारायच्या? खरं दुखणं वेगळंच आहे. छात्रसेवाकालाला, म्हणजे बी.एड.च्या शाळेतल्या सरावाला, आलेल्या एका मुलीला विचारलं, अभ्यासाबाहेरचं शेवटचं काय वाचलंस? तिने गाईडचं नाव सांगितलं.

माय_वऱ्हाडी
गाईड राहू द्या सर. माझ्या सरावपाठाला मुलं कवितेत रंगली होती. निरीक्षक मॅडमनी त्यावर एक ओळ लिहिली, आणि मी 'पानी' म्हणाले त्यावर लाल पेनने तीन गोल! पुढच्या पाठाला मी 'ण' सांभाळत बसले आणि कविता राहिली बाजूला.

शुद्धलेखन_प्रेमी
मॅडमचं बरोबरच आहे. बाईच 'पानी' म्हणाल्या तर मुलं तेच लिहिणार. उत्तरपत्रिका मग आम्ही तपासायच्या.

माय_वऱ्हाडी
तुम्ही बोलताना 'केलं', 'सांगितलं' म्हणता आणि निबंधात 'केले', 'सांगितले' लिहून घेता. तेव्हा मुलांचा गोंधळ होत नाही, आमच्या 'पानी'नेच होतो का?

शुद्धलेखन_प्रेमी
उगाच पुणेकर ठरवू नका. मी कोल्हापूरचा आहे.

केळीचा_घड
कोल्हापूर?? तिकडे बायका 'मी जातो' म्हणतात, ते चालतं वाटतं! 😄

शुद्धलेखन_प्रेमी
चालतं असं मी म्हटलं का? माझी बायको घरी तसंच बोलते, तीही मराठीच शिकवते. वर्गात 'जाते' म्हणते. शिस्त म्हणतात ती ही.

माय_वऱ्हाडी
म्हणजे घरी एक, वर्गात एक, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

शुद्धलेखन_प्रेमी
तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पाणी. नीट वाचा.

खडूचा_तुकडा
अहो, धागा माझा आहे! 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत, 2023 मध्ये, 14 ते 18 वयाच्या सुमारे 25 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. आणि रसग्रहणाचं म्हणाल तर दहावीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत त्याला 4 गुण. उपयोजित लेखनाला 24.

रसिक_मास्तर
ती पाहणी 28 जिल्ह्यांची. आणि कवितेला गुणांच्या तराजूत घालायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

खडूचा_तुकडा
28 जिल्हे सोडा, तुमच्या शाळेची 'क' तुकडी सांगा. सरावपाठाला मुख्याध्यापक कुठली तुकडी देतात? 'अ'. आमच्या वेळी तक्तेसुद्धा मागच्या बॅचचे होते, नाव खोडून लावलेले. पंचवीस हुशार पोरं पुढे बसवून पाठ 'उत्कृष्ट' मिळवायचा, आणि नोकरी लागली की पहिल्याच दिवशी 'क'.

रसिक_मास्तर
...'अ' देतात, हे खरं आहे.

निवृत्त_बाई
31 वर्षं मराठी शिकवलं म्हणून बोलते. सर, कविता आणि वाचन वेगळं काढता कशाला? तोंडपाठ असलेला अभंग फळ्यावर लिहायचा. आधी सगळ्यांनी म्हणायचा, मग शब्दाखाली पट्टी सरकवत, मग मधलाच एखादा शब्द विचारायचा. पाठ असतो म्हणून भीती नसते, आणि 'क्ष', 'ज्ञ' त्यातच भेटतात. एकेकट्याला उभं करून वाचून घेणं मी तिसऱ्या वर्षीच बंद केलं. जोडीने वाचायला लावायचे. खडू सर, तुमच्या मुलाला अख्खा परिच्छेद पाठ होता ना? तोच त्याच्यापुढे उघडून ठेवायचा होता.

खडूचा_तुकडा
तेव्हा सुचलं नाही, बाई. दिवाळीनंतर तो आलाच नाही शाळेत.

रसिक_मास्तर
बाईंचं पटलं, असं समजा. पाठाच्या टाचणाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं तेवढं कुणीतरी सांगा. सोमवारी 'क'वरच तास आहे. नाही जमलं तर इथेच भांडायला येतो.