मदत हवी आहे : स्त्री-पुरुष समानतेची पाहणी कशी करावी?

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी मनुष्यबळ विभागात काम करते. स्त्री-पुरुष समानतेसाठी आमच्याकडे जे काही केले जाते, त्याकडे कामगार आणि अधिकारी प्रत्यक्षात कसे पाहतात, याची पाहणी माझ्याकडे आली आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, आणि ती आमच्याकडे आहेही; मात्र तिच्या सदस्यांच्या नावांचा कागद सूचना फलकावर सुट्ट्यांच्या यादीखाली झाकला गेला आहे आणि त्यातील एक सदस्या नोकरी सोडून वर्ष झाले, यावरून काय ते समजावे. सुपरवायझर मंडळी हा विषय ‘आठ मार्चचा कार्यक्रम’ म्हणूनच ओळखतात.

माझी खरी अडचण गोपनीयतेची आहे. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागात, अवघ्या अकरा महिला आहेत. प्रश्नावलीत विभाग आणि वय विचारले, तर नाव न लिहिताही उत्तर कोणाचे ते कळेल, आणि न विचारले, तर बढती, ओव्हरटाइम किंवा शिफ्ट देण्यातील तफावत दिसणार नाही. अशी पाहणी कोणी केली असल्यास प्रश्न कसे मांडले, आणि ते कंपनीतल्या माणसाने विचारावेत की बाहेरच्या, हे कृपया सांगावे. मराठी प्रश्नावलीचा नमुना मिळाला, तर फार उपयोग होईल.