गरिबी हटते ती कारखान्याने की हमीने?

कर्वेनगरकर
जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये दारिद्र्यरेषा रोज ३ डॉलरवर नेली. त्या हिशेबाने २०११-१२ मध्ये भारतात २७.१ टक्के लोक अतिगरीब होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्केच उरले. लगेच 'गरिबी संपली' सुरू झालं. पण हे डॉलर क्रयशक्तीचे, म्हणजे अमेरिकेत डॉलरला जेवढं मिळतं तेवढं इथे किती रुपयांत मिळेल त्या हिशेबाचे. रुपयांत शंभराच्याही आत, आणि त्यातच भाडं, औषधं, सगळं. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहून बघा. थापी-ओळंबा असलेल्या गवंड्याला आधी नेतात. बिगारी ऊन चढेपर्यंत ताटकळतो आणि मिळेल त्या रोजावर जातो. तो या रेषेच्या वरच धरला जातो! माणसाला उमेद येते ती उद्याच्या कामाची खात्री असली की. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी मांडलेल्या रोजगार हमीने १९७२च्या दुष्काळात तीच दिली होती.

हडपसरचा
साफ अमान्य. हमीच्या कामाने पोट भरलं, पण खडी फोडणाऱ्याचं पोरगं शिकलं ते कारखान्याच्या पगारावर. व्हिएतनामने १९८६ पासून धोरण बदललं, परदेशी कारखाने येऊ दिले, आणि एका पिढीत देश उपासमारीतून वर आला. पिंपरी-चिंचवड तरी वेगळं काय? सोलापूर-धाराशिवकडून आलेली कितीतरी घरं तिथल्या कंपन्यांवरच उभी राहिली. आमचंही त्यातलंच.

कर्वेनगरकर
तुमच्या घरचे कायम झाले असतील. आज चाकणला आयटीआय झालेली मुलं ठेकेदाराच्या गेटपासवर राबतात, काही महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो बायकांच्या हाती पगार दिला, हे खरंच. पण २०१३ साली राणा प्लाझाला आदल्या दिवशी तडे गेलेले दिसत असताना कामगारांना आत पाठवलं. अकराशेच्या वर माणसं गेली. पगार हवाच, पण 'आत जाणार नाही' म्हणायची ताकदही हवी.

सिंहगड रोड
ती ताकद संघटनेतून येते, आणि उदाहरण पुण्यातच आहे. कचरावेचक बायकांना कुणी कामगार मानत नव्हतं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था. आमच्या मावशी पुठ्ठा, काच, दुधाच्या पिशव्या वेगळ्या करून भंगारात विकतात, वर घरटी महिन्याचे पैसे. कारखाना नाही, खैरातही नाही.

हडपसरचा
मावशींबद्दल आदर आहे. पण त्यांच्या मुलीने कचरा वेचावा असं त्यांना तरी वाटतं का? तिला नोकरी कोण देणार, तेवढं सांगा.