सल्ला हवा: जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारसाठी साताऱ्याहून एका दिवसाचे निसर्गरम्य रस्ते

माचीपेठकर

सर्वांना नमस्कार. माझ्या मामांची १९७१ सालची एमजीबी रोडस्टर बरीच वर्षे त्यांच्या मिरजेच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. मामांच्या पश्चात ती माझ्याकडे आली आणि तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर गेल्या दिवाळीत स्वतःच्या चाकांवर साताऱ्यात दाखल झाली. अजून मी तिला वाढे फाट्याच्या पलीकडे नेलेले नाही.

ज्यांना या गाडीचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत होती. इंजिन १७९८ सीसीचे आहे, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, चाके तारांची आहेत आणि पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर आहे. आसन इतके खाली आहे की आमच्या सौभाग्यवतींना बसता सहज येते, उठताना मात्र माझा हात लागतो.

सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, दीडशे ते दोनशे किलोमीटरच्या आत बसेल आणि हूड, म्हणजे कापडी छप्पर, उघडा ठेवून पाहण्यासारखे काही असेल असा रस्ता मला हवा आहे. वेगाची हौस नाही. महाबळेश्वर, कास आणि कोयनानगर ही तीन नावे मनात आहेत. गाडी तापणे, घाटाचा उतार आणि गतिरोधक या तीन गोष्टींची धास्ती आहे. शिवाय गाडीला पन्नास वर्षे होऊन गेल्यामुळे व्हिंटेज नोंदणी करून नवी पाटी घ्यावी का, याबद्दलही मत द्यावे.

घाटवाट

माझ्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिच्याच आखूड केलेल्या सांगाड्यावर ट्रायम्फची स्पिटफायर उभी राहिली, त्यामुळे स्पोर्ट्स कारशी चुलत नाते सांगून चार शब्द बोलतो.

जुनी गाडी चढाने तापते हा समज अर्धाच खरा आहे. ती खरोखर तापते रेंगाळण्याने. आपल्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्याच गतीने फिरतो. त्यामुळे घाटात एसटीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगत असताना, म्हणजे रेडिएटरला वाऱ्याची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी, समोरून वारा येत नाही आणि पंखाही संथ पडतो. एका मे महिन्यातल्या रविवारी मी पसरणी घाटात असाच अडकलो होतो. काटा लाल रेघेला टेकला तेव्हा काचा उतरवून आतला हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच असल्याने त्या मार्गाने बरीच उष्णता बाहेर पडते आणि काटा हळूहळू खाली येतो. पाय भाजत होते आणि शेजारच्या गाडीतली मुले माझ्याकडे पाहून हसत होती, पण इंजिनाचा सांधा बंद ठेवणारे गॅसकेट वाचले.

म्हणून महाबळेश्वरला जायचेच असेल तर मंगळवार-बुधवारी पहाटे जावे, आणि तेही वाई-पाचगणीमार्गे नव्हे, तर मेढा आणि केळघर घाटाच्या वाटेने. या बाजूला पर्यटकांची वर्दळ तुलनेने कमी असते आणि जावळीचे खोरे उजाडताना पाहायला मिळते. उतरताना, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरावे. सतत पाय ठेवून ब्रेक तापले की ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल एकदम पोकळ लागते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा मुरला की ते लवकर उकळते. मिस्त्रींनी दुरुस्तीच्या वेळी ते बदलले होते की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

कासचा रस्ता उत्तम आहे, परंतु फुलांच्या हंगामात नको. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे माणसे आणि वाहने मावत नाहीत, धुके उतरते आणि आपल्या हूडमधून पाणी गळते ते वेगळेच. त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये जा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट लागतो. सातारा हिल मॅरेथॉनचे धावपटू ज्या चढावर धापा टाकतात तोच हा चढ. तो संपला की एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला कण्हेरचे पाणी अशी दुहेरी दृष्टी मिळते. पुढे पठारावर वाळलेल्या गवताचा रंग चढलेला असतो आणि वाट मोकळी असते. बामणोलीपर्यंत उतरून कोयनेच्या फुगवट्याच्या काठी जेवण करून परत फिरता येईल. अंतर कमी आहे, घर जवळ आहे आणि काही बिघडले तर साताऱ्याहून मदत तासाभरात पोहोचते. पहिली सहल हीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ

घाटवाट यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पाहुण्याला पहिल्याच दिवशी डोंगर चढवू नये. मी सांगलीचा असल्याने पक्षपाताचा आरोप होईल, पण या गाडीला खरा मानवणारा मुलूख पूर्वेचा आहे. पश्चिमेकडच्या रस्त्यांवर डोळ्यांना सुख मिळते, पण चालवणाऱ्याचे लक्ष तापमानाच्या काट्यावर असते. पूर्वेकडे चालवणाऱ्यालाही आजूबाजूला पाहता येते.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध गाठावे. औंधच्या डोंगरावर यमाईचे देवस्थान आहे आणि त्याच डोंगराच्या अंगावर श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्यासाठी मुंबई-बडोद्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींना ती एवढ्या जवळ आहेत हे पुष्कळदा ठाऊक नसते. तिथून पुसेसावळी, कडेगाव करत देवराष्ट्रे गाठावे. हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आहे आणि शेजारीच सागरेश्वर अभयारण्य आहे. उघड्या बोडक्या टेकड्यांवर माणसांनी झाडे लावून हे जंगल वाढवले आणि आज तिथे हरणे फिरतात. वेळ उरला तर किर्लोस्करवाडीवरून जावे. औंध संस्थानाने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना आणि गाव वसवले. लोखंडी नांगराच्या त्या गावात एखादी जुनी गाडी नेऊन उभी करण्यात निराळेच औचित्य आहे. परतताना कराडला प्रीतिसंगमावर चहा घ्यावा आणि महामार्गाने घरी यावे.

दोन इशारे मात्र गंभीरपणे घ्यावेत. पहिला उसाचा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात, त्यांना मागे दिवा असेलच असे नाही, आणि तुमच्या गाडीत तुमचे डोळे ट्रॉलीच्या चाकाच्या उंचीला येतात. सूर्यास्तापूर्वी महामार्गाला लागावेच. दुसरा गतिरोधकांचा. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक असतो आणि त्यावर पांढरे पट्टे असतातच असे नाही. त्यावर गाडी सरळ न घालता तिरकी घालावी, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते आणि पोट वाचते. फारच उंच असेल तर वहिनींना उतरण्याची विनंती करावी; उठताना हात द्यावा लागतो हे आपण लिहिलेच आहे.

माचीपेठकर

दोघांचेही मनापासून आभार. कृष्णाकाठ, आपला मार्ग मला मुळीच सुचला नव्हता. कोयनानगरविषयी कोणी सांगू शकेल काय? आणि हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्याचा या इंजिनावर काय परिणाम होतो?

घाटवाट

कराड ते कोयनानगर हा पाटणमार्गे नदीच्या सोबतीने जाणारा रस्ता देखणा आहे. नेहरू उद्यानातून १०३ मीटर उंचीचे धरण नीट दिसते. मात्र तिथूनच मागे फिरावे. पुढे कुंभार्ली घाटात कोकणात जाणारी अवजड वाहने असतात आणि त्यांच्यामागे पुन्हा तेच रांगणे नशिबी येते.

इथेनॉलचे म्हणाल तर त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या जुन्याच मापाच्या सुयांवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन अधिक तापते. एसयू कार्ब्युरेटरची सुई बदलून किंवा सुई ज्यात बसते ते जेट थोडे खाली घेऊन मिश्रण दाट करता येते. त्याहून महत्त्वाच्या आहेत रबरी नळ्या. जुने रबर इथेनॉलने फुगते आणि चिरते, आणि चिरलेली नळी तापलेल्या एक्झॉस्टजवळ असणे म्हणजे काय, हे सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या बदलून घ्या आणि आग विझवण्याचे छोटे नळकांडे आसनामागे ठेवा. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीच्या नळ्या खातो, याला काय म्हणावे!

आणखी एक. आपल्या गाडीचा पेट्रोल पंप विजेवरचा असून मागच्या चाकाजवळ असतो. चावी फिरवल्यावर त्याची टिकटिक ऐकू येते. चालता चालता गाडी आचके देऊन बंद पडली आणि टिकटिक येत नसेल, तर पंपावर पान्याच्या मुठीने दोन हलके ठोके द्यावेत. आतले चिकटलेले टोक सुटते आणि घरापर्यंत येता येते. नंतर मात्र तो उघडून साफ करावा.

वेण्णाकाठ

व्हिंटेज पाटीविषयी कोणी उत्तर दिलेले दिसत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात मोठा बदल न केलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. शुल्क वीस हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. औंधची चित्रे पाहायला जाणे त्यात बसत नाही. आपल्याला गाडी फिरवायची आहे, तेव्हा जुना नंबर ठेवावा आणि पासिंगचे नूतनीकरण वेळच्या वेळी करत राहावे. जुनी तीन अक्षरी पाटी तशीही अधिक शोभते.

माचीपेठकर

नळ्या बदलून, ब्रेक ऑइल नवे भरून काल कृष्णाकाठ यांच्या मार्गाने जाऊन आलो. सहाला निघालो, रहिमतपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी होती आणि काटा दिवसभर मधल्या खुणेच्या वर गेला नाही. संग्रहालयात दोन तास कसे गेले ते कळले नाही, त्यामुळे किर्लोस्करवाडी राहिली. पुसेसावळीच्या अलीकडे पंपाची टिकटिक थांबली. सौभाग्यवतींनी पाना दिला, मी रस्त्यावर आडवा झालो आणि दुसऱ्या ठोक्याला गाडी सुरू झाली. गतिरोधक मी मोजत होतो, एकतीसपर्यंत सगळे तिरके घेतले. बत्तिसाव्याला समोरून म्हशी आल्याने सरळ जावे लागले, आणि सायलेन्सरचा एक ब्रॅकेट तिथेच राहिला.