पेपरमिंटच्या गोळ्यांचं तुम्ही काय काय करता?

लिमलेट आणि श्रीखंडाच्या गोळ्यांवर सगळे भरभरून बोलतात, पेपरमिंट मात्र घसा धरला तरच आठवतं. नाताळात मुलांनी पुण्याच्या कॅम्पातून लाल-पांढऱ्या कांड्या ढिगाने आणल्यात, संपायचं नाव नाही. गोडात वापरता का कोणी? घरी कोणी करतं का? प्रमाणासकट लिहा.

—
मी करते, दर हिवाळ्यात. साखर, पाणी, थोडा ग्लुकोज सिरप (नाहीतर पाक दाणेदार होतो), १५० अंशांपर्यंत न्यायचं, थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका, कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर अजून उकळा. गॅस बंद करून बुडबुडे बसले की मगच पेपरमिंटचं तेल, अर्धा किलो साखरेला पाव चमचा, उकळत्या पाकात घातलंत तर वास घरभर आणि गोळीत काही नाही. मग हाताला सोसेल इतपत निवलं की तूप लावून ओढत राहायचं, हवा शिरून आपोआप पांढरं होतं, ते बघायला फार मजा येते. पावसाळ्यात मात्र नाद करू नका, चिकट होतात.

—
काकू, पावसाळ्यातही जमतं हो, गार झाल्या झाल्या एकेक कागदात गुंडाळून घट्ट डब्यात टाकायच्या.

—
कांड्या कुटा आणि वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटवर भुरभुरवा, बास. स्वाद वाढवायचा तर तेलच, पाणी असलेला इसेन्स पडला की चॉकलेटचे गठ्ठे होतात.

—
आम्ही व्हॅनिला मस्तानीवर चुरा घालतो, आयत्या वेळी, नाहीतर विरघळून नुसती गुलाबी रेघ उरते. सासऱ्यांनी नाव ठेवलंय 'टूथपेस्ट मस्तानी', पण दुसरा ग्लास मागतात!

—
तेल सुरुवातीला कमीच घाला. आपल्याकडे मिळतं ते बरंचसं उत्तर प्रदेशातल्या मेंथा पुदिन्याचं, त्यात मेंथॉल जास्त, खरं पेपरमिंट म्हणजे जलपुदिना आणि स्पिअरमिंटचा संकर, ते जरा सौम्य. आणि गारवा खरा नसतोच, मेंथॉल जिभेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून वर साधं पाणी प्यायलं तरी बर्फासारखं लागतं.

—
तेल कुठे मिळेल? पानवाल्याकडचा पिपरमिंटचा खडा चालेल का?

—
खडा नको, तो जवळपास नुसता मेंथॉल. बोहरी आळीत केकच्या सामानाच्या दुकानांत विचारा, बाटलीवर खाण्यासाठी लिहिलेलं बघूनच घ्या, वासाच्या दिव्यात घालायचं तेल वेगळं.